लखनौच्या गच्चीत इटलीचा सुगंध

हौसेने विकत आणलेले रोझमेरीचे रोप मे महिन्यात मलूल होते. जूनच्या लूमधून वाचलेच, तर ऑगस्टच्या पावसात खालून काळे पडत जाते आणि एके दिवशी कुंडीत नुसती काटकी उरते. मग घरातले कुणीतरी सहज बोलून जाते, "तुझ्या हाताला गुणच नाही!" बोलणारा ते विसरतो. ज्या गृहिणीने सकाळ-संध्याकाळ न चुकता त्या रोपाला पाणी घातलेले असते, तिच्या मनात मात्र ते वाक्य रुतून बसते. दुसऱ्या वर्षी ती रोपवाटिकेवरून जाते, पण आत शिरत नाही. कुंडी रिकामीच राहते.

वास्तविक दोष तिच्या हाताचा नसतो, वेळापत्रकाचा असतो. बागकामाची इंग्रजी पुस्तके आणि बियांच्या पाकिटांमागच्या सूचना युरोपचे हवामान डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या असतात. 'वसंतात लावा, उन्हाळाभर पाने खुडा' असा त्यांचा सल्ला. लखनौत या सल्ल्याप्रमाणे मार्चमध्ये रोप लावणे म्हणजे त्याला रुजण्याआधीच भट्टीत ढकलणे होय. इटालियन पद्धतीची सुगंधी पाल्याची बाग या शहरात फुलते, नक्की फुलते. अट एवढीच, की ती इटलीच्या नव्हे, लखनौच्या पंचांगाप्रमाणे लावली पाहिजे.

नावे परकी, नाती जवळची

परदेशी पिझ्झा-साखळ्यांची दुकाने 1996 साली भारतात उघडू लागली आणि ओरेगॅनोची चिमुकली पुडी हळूहळू मध्यमवर्गीय घरांत पोचली. त्यामुळे ओरेगॅनो, बेसिल, थाईम ही नावे आपल्याला फार दूरची, काहीशी श्रीमंती थाटाची वाटतात. प्रत्यक्षात या वनस्पतींची आपल्याशी जुनी सोयरीक आहे.

बेसिलचेच पाहा. उन्हाळ्यात सरबतात आणि फालुद्यात आपण जो सब्जा घालतो, तो याच जातीच्या झाडाचा. आपली तुळस ही त्याची सख्खी चुलत बहीण. लखनौच्या उर्दूत या झाडाला 'रेहान' म्हणतात आणि हे नाव तिथे मुलांनाही मोठ्या लाडाने ठेवले जाते. वाण्याकडचा सब्जा कुंडीत पेरला तर बहुधा उगवतो. त्याचा वास जेनोवाच्या बेसिलइतका गोड नसतो, थोडा उग्र असतो, पण हात बसवायला याहून स्वस्त धडा नाही.

ओरेगॅनोची सख्खी बहीण म्हणजे आपला मरवा. महाराष्ट्रात गजऱ्यात आणि वेणीत अबोलीबरोबर गुंफला जाणारा हा सुवासिक मरवा इटलीत चक्क स्वयंपाकात पडतो. खुद्द ओरेगॅनोही काही सातासमुद्रापलीकडचा नाही. हिमाचल, कुमाऊँ आणि काश्मीरच्या डोंगरउतारांवर तो रानटी उगवतो. थाईमची पाने चुरडली की ओव्याची आठवण होते, कारण दोन्हींच्या वासामागे थायमॉल हे एकच द्रव्य आहे. ज्या जाड, लवदार ओव्याच्या पानांची आपण भजी करतो, ती तर ओरेगॅनोऐवजी कुणी वापरली तर पटकन लक्षातही येऊ नये. पार्सली ही कोथिंबिरीच्या कुळातली आणि बडीशेपही त्याच घरातली.

ही नाती कळली की मनातली भीती निम्मी कमी होते. ज्या हातांनी आजवर तुळस, पुदिना आणि कोथिंबीर सांभाळली, त्या हातांना नवे काही शिकायचे नसते, थोडेसे वेगळे वागायचे असते.

चारबागेचा नकाशा

इटलीतल्या जुन्या ख्रिस्ती मठांच्या आवारात औषधी वनस्पतींची छोटी बाग असे. मधोमध विहीर किंवा कारंजे, एकमेकींना छेदणाऱ्या दोन पायवाटा आणि त्यांनी पाडलेले चार वाफे. पुढे 1545 मध्ये पादुआ विद्यापीठात वैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी अशीच बाग उभारण्यात आली. गोल भिंतीच्या आत चौकोन आणि चौकोनाचे चार भाग, अशी तिची रचना. ती बाग आजही त्याच जागी आहे आणि 1997 मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

हा नकाशा लखनौला नवा नाही. मध्ये पाणी आणि चार बाजूंना चार बगिचे, ही इराणी-मोगल उद्यानांची रीत. शहराच्या मुख्य रेल्वे स्थानकाचे नावच मुळी 'चारबाग' आहे! त्यात मराठी घरात भर पडते ती तुळशी वृंदावनाची. मध्यभागी विहिरीच्या जागी तुळस आणि तिच्या चारी अंगांना सुगंधी पाल्याचे चार गट, अशी मांडणी दहा फूट लांब-रुंद गच्चीतही शोभते. गोमतीनगर किंवा इंदिरानगरच्या सदनिकेत एवढीही जागा नसेल, तर दक्षिणेकडच्या बाल्कनीत चार ओळी कराव्यात.

मात्र हे चार गट दिसण्यावरून नव्हे, तहानेवरून पाडायचे असतात. पहिला गट कोरडेपण आवडणाऱ्यांचा : रोझमेरी, थाईम आणि सेज. दुसरा मध्यम तहानेचा : ओरेगॅनो आणि मरवा. तिसरा पाण्याची आवड असलेल्यांचा : बेसिल आणि पार्सली. चौथ्या गटात एकटा पुदिना. तो जमिनीलगत धावणारी मुळे सोडून शेजाऱ्यांच्या घरात शिरतो, म्हणून त्याला स्वतंत्र, पसरट कुंडीत ठेवणेच बरे. असे गट पाडले की झारी घेऊन फिरणाऱ्याला कुणाला किती पाणी द्यायचे, हे आठवावे लागत नाही. घरातला दहा वर्षांचा मुलगाही ते काम बिनचूक करू शकतो.

उलटे पंचांग

इटलीच्या बऱ्याच भागांत उन्हाळा कोरडा असतो आणि पाऊस मुख्यतः शरद-हिवाळ्यात पडतो. लखनौत याच्या नेमके उलट. मे-जूनमध्ये पारा कधी कधी 45 अंशांपर्यंत चढतो, लू अंग भाजून काढते आणि त्यानंतर सप्टेंबरपर्यंत वर्षाचा बहुतेक सगळा पाऊस कोसळतो. हिवाळा मात्र कोरडा, उन्हाचा आणि सुखद. इटलीचा वसंत लखनौत शोधायचा झाला, तर तो नोव्हेंबर ते मार्च या काळात सापडतो.

म्हणून या बागेचा शुभारंभ दसरा-दिवाळीच्या सुमारास करावा. ऑक्टोबरमध्ये पार्सली, थाईम, ओरेगॅनो आणि सेज पेरावे. पार्सलीचे बी फार आळशी. ते रात्रभर कोमट पाण्यात भिजवून पेरले, तरी उगवायला दोन ते चार आठवडे घेते. पुष्कळ जण पंधरा दिवसांत कंटाळून कुंडी उपसतात आणि मातीत नुकतेच फुटलेले कोंब फेकून देतात. थाईमचे बी धुळीसारखे बारीक असते. ते मातीत पुरू नये, वर भुरभुरून हाताने हलके दाबावे आणि पाणी झारीऐवजी फवाऱ्याने द्यावे. रोझमेरी बियांपासून वाढवण्याच्या भरीस पडू नये. तयार रोप आणावे आणि त्याच्याच चार-चार इंचांच्या फांद्या, खालची पाने काढून, ओलसर वाळूत खोचाव्यात. महिना-दीड महिन्यात त्यांना मुळे फुटतात.

डिसेंबरअखेर आणि जानेवारीत लखनौवर धुक्याची दुलई पसरते. थाईम आणि सेजला त्याचे काही वाटत नाही. बेसिल मात्र थंडीला भारी नाजूक. एका कडक रात्रीत त्याची पाने काळी पडतात. म्हणून बेसिल पेरावे ते फेब्रुवारीच्या अखेरीला, थंडी ओसरल्यावर. आठ-दहा दिवसांत ते उगवते आणि एप्रिलपासून पाने देऊ लागते. पावसाळा ओसरताना, सप्टेंबरमध्ये, त्याची दुसरी पेरणी करता येते.

एप्रिल लागला की सगळ्या कुंड्या सकाळच्या उन्हाच्या बाजूला हलवाव्यात. दुपारी वर हिरवी जाळी असावी. जूनच्या मध्यापासून खरी परीक्षा. या दिवसांत रोझमेरी, थाईम आणि सेज छज्जाखाली, जिथे पावसाचा थेंब येणार नाही पण वारा खेळेल, अशा जागी विटांवर चढवून ठेवावेत. पार्सली तोवर आपला संसार आटोपते. तिच्यासाठी हळहळू नये, पुढच्या ऑक्टोबरला पुन्हा पेरावी. आपण कोथिंबिरीसाठी कधी रडतो का?

माया आणि पाणी

भूमध्य समुद्राकाठच्या खडकाळ, कोरड्या उतारांवर वाढलेल्या या वनस्पती. त्यांची बारीक, चिवट पाने आणि त्यांतले सुगंधी तेल ही त्या कठीण आयुष्याचीच कमाई. त्यांना खत-पाणी मुबलक मिळाले की झाड वाढते, हिरवेगार दिसते, पण पानांचा वास पातळ होतो. आणि मुळाशी पाणी साचून राहिले, तर झाड कुजून मरते. गंमत अशी, की मुळे कुजलेले झाड वरून तहानलेल्यासारखेच कोमेजलेले दिसते. ते पाहून मायेपोटी आणखी पाणी घातले जाते आणि उरलीसुरली आशाही संपते. लखनौच्या गच्चीवर अशी कितीतरी रोपे दुष्काळाने नव्हे, काळजीने मरतात.

त्यात लखनौची माती गंगेच्या खोऱ्यातली, गाळाची. गव्हाला आणि मलिहाबादच्या दशहरी आंब्याला ती मानवते, पण कुंडीत ती दाबून घट्ट बसते आणि पाणी धरून ठेवते. पहिल्या गटासाठी एक भाग माती, एक भाग जाड वाळू आणि अर्धा भाग चांगले कुजलेले शेणखत घ्यावे. बांधकामाच्या दुकानात 'मौरंग' म्हणून जी तांबूस, जाडसर वाळू मिळते, ती यासाठी उत्तम. बारीक 'बालू' घेऊ नये. ती मातीत मिसळून आणखी घट्ट बसते. बेसिल आणि पार्सलीसाठी वाळू कमी आणि खत जास्त असावे. कुंडी मातीचीच घ्यावी, आठ ते दहा इंचांची. तळाच्या छिद्रावर खापरीचा तुकडा पालथा ठेवावा.

पाणी केव्हा घालावे, याची कसोटी डोळ्यांनी नव्हे, बोटाने घ्यावी. बोट दोन पेरे मातीत खुपसावे. कोरडे लागले तर पाणी, ओलसर लागले तर उद्या. हिवाळ्यात रोझमेरीला कधी कधी आठवडाभरही पाणी लागत नाही. झारी हातात घेऊन कुंडीपाशी उभे राहायचे आणि पाणी न घालता परत फिरायचे, ही या छंदातली सर्वात अवघड गोष्ट. मुले मोठी होऊ लागलेल्या घरातल्या आई-वडिलांना ती जास्त कळते. ज्याला जेवढे हवे तेवढेच देणे आणि उरलेली माया हातात धरून ठेवणे, हेही सांभाळणेच असते.

मावा पडला तर कडुनिंबाच्या तेलाचे काही थेंब आणि थोडे साबणाचे पाणी एकत्र करून फवारावे आणि पाने वापरण्यापूर्वी नीट धुवावीत. ही पाने थेट पोटात जाणार असल्याने रासायनिक कीटकनाशकाला इथे अजिबात जागा नाही. खुडतानाही हात आखडता ठेवावा. एका वेळी झाडाचा एक तृतीयांशाहून जास्त भाग काढू नये. बेसिलला तुरा दिसू लागताच तो खुडावा, म्हणजे पाने येत राहतात. एक झाड मात्र तुऱ्यासाठी राखून ठेवावे. त्यावर मधमाश्या येतात आणि पुढच्या वर्षीचे बी घरचेच मिळते.

ठेचा आणि पेस्तो

बाग लावली, पाने आली, पुढे काय? कित्येक घरांत ही झाडे पाहुण्यांना दाखवण्यापुरती उरतात. खरा आनंद ती स्वयंपाकघरात आल्यावरच सुरू होतो.

जेनोवा शहराचा 'पेस्तो' जगभर प्रसिद्ध आहे. या शब्दाचा अर्थ काय, तर ठेचलेला! संगमरवरी खलात लसूण, बेसिलची पाने, चिलगोजे, किसलेले चीज आणि ऑलिव्ह तेल ठेचून तो करतात. म्हणजे आपल्या ठेच्याचाच हा इटालियन आतेभाऊ. चिलगोजे महाग पडतात. त्यांच्या जागी काजू किंवा भाजलेले शेंगदाणे घातले, तरी घरातल्यांची तक्रार येत नाही. खलबत्ता तर घरात असतोच. मिक्सर सतत फिरवला की पाने तापून काळवंडतात, म्हणून तो थांबत थांबत चालवावा. तयार पेस्तो फ्रिजमध्येच ठेवावा आणि चार-पाच दिवसांत संपवावा. लसूण घातलेले तेल बाहेर ठेवणे धोक्याचे असते.

लखनवी स्वयंपाकाशीही या पाल्याची मैत्री चटकन जमते. नहारीसारख्या पदार्थात मसाले मलमलीच्या पोटलीत बांधून सोडतात आणि त्यांचा अर्क उतरला की पोटली काढून घेतात. इटलीतही सुगंधी डहाळ्यांची जुडी दोऱ्याने बांधून रश्श्यात उकळतात आणि वाढण्यापूर्वी काढतात. दोन्हीकडचा विचार एकच : स्वाद यावा, पण दाताखाली काही येऊ नये. टोमॅटोच्या सारात शेवटी फाडून घातलेली बेसिलची चार पाने, खरपूस बटाट्यांवर रोझमेरीची डहाळी, पराठ्याच्या कणकेत ओव्याऐवजी ताजे थाईम किंवा ओरेगॅनो, असे प्रयोग रोजच्या स्वयंपाकात सहज बसतात.

मार्च-एप्रिलची लखनौची कोरडी हवा सुकवणीला फार अनुकूल. ओरेगॅनो, थाईम आणि मरव्याच्या जुड्या बांधून सावलीत उलट्या टांगाव्यात. आठवडाभरात पाने कुरकुरीत झाली की चुरून घट्ट झाकणाच्या बाटलीत भरावीत. उन्हात सुकवली तर रंग आणि वास दोन्ही उडतात. बेसिल सुकल्यावर फिके पडते, म्हणून ते ताजेच खावे.

परक्या मातीत रुजताना

या छंदाला लखनौइतके अनुकूल शहर शोधूनही सापडणार नाही. सुगंधी आणि औषधी वनस्पतींवर संशोधन करणारी 'सीमॅप' ही 1959 साली स्थापन झालेली राष्ट्रीय संस्था इथेच, कुकरैलच्या रस्त्यावर आहे. जानेवारीच्या अखेरीला तिथे शेतकऱ्यांचा मेळा भरवण्याची प्रथा आहे. शेजारच्या बाराबंकी जिल्ह्यात शेतेच्या शेते मेंथा पुदिन्याने हिरवी होतात. नवाब वाजिद अली शाहने वसवलेल्या सिकंदरबागेत आज राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेचे उद्यान आहे. अत्तराची, केवड्याची आणि खशाची पारख असलेल्या या शहरात सुगंधाचे अप्रूप कुणाला समजावून सांगावे लागत नाही.

बदलीच्या नोकरीमुळे इथे आलेल्या मराठी कुटुंबांना या बागेचा आणखी एक अर्थ लागतो. भाषा वेगळी, बाजार वेगळा, दुपारी बोलायला ओळखीचे कुणी नाही, असे पहिले वर्ष अनेक गृहिणींच्या वाट्याला येते. पंडित विष्णू नारायण भातखंडे यांनी 1926 मध्ये याच शहरात संगीताचे महाविद्यालय सुरू करण्यात पुढाकार घेतला. आज ते त्यांच्या नावाचे विद्यापीठ आहे. मुंबईच्या माणसाने लावलेले रोप लखनौने आपले म्हणून वाढवले. इतके मोठे काम प्रत्येकाच्या हातून होत नाही, पण गच्चीच्या कठड्यावरून शेजारच्या भाभींना मूठभर बेसिल देता येते आणि त्यांच्याकडून पुदिन्याच्या चटणीची रीत शिकता येते. ओळख अशीच वाढते. पुढे बदली झाली, तर कुंड्या त्यांच्याच हवाली करून जाता येते आणि रोझमेरीच्या दोन फांद्या ओल्या फडक्यात गुंडाळून नव्या गावी नेता येतात.

पहिल्या वर्षी दोन-चार रोपे दगावतीलच. ती रोपवाटिकांमध्येही दगावतात. कुठले रोप, कुठल्या महिन्यात आणि कोरड्याने की ओल्याने गेले, एवढे एका वहीत टिपून ठेवले, की दुसऱ्या वर्षी ती वही कुठल्याही परदेशी पुस्तकापेक्षा जास्त उपयोगी पडते. ज्या हाताला गुण नाही असे कुणी म्हटले असेल, त्याने यंदा मार्चची घाई न करता ऑक्टोबरची वाट पाहावी आणि झारी थोडी हलकी धरावी. गुण हाताला नंतर येतो. आधी ऋतूची ओळख व्हावी लागते.